पाहुणीचं ताट

“पाहुणी कोण?” सोवनीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

“माझी आई.”

“आई पाहुणी कशी होईल, म्हेत्रे? पाहुणा म्हणजे परकं माणूस. परक्यासमोरच आपली परीक्षा असते.”

“बाई, माझी आई ताटावर बसून जेवताना मी जन्मात बघितलेली नाही. त्या मानानं परकीच म्हणायची.”

मागं भांडी विसळणारी माझी वर्गमैत्रीण निलोफर फिसकन हसली. मीही गंमत म्हणूनच बोलले होते. सोवनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन उघडलं, पाहुण्यांच्या रकान्यात ‘श्रीमती म्हेत्रे’ असं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “मग बघून घे एकदा.”

सोलापूरला मी गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होते. गावातली माणसं विचारायची, चकल्या शिकायला पोरीला एवढ्या लांब कशाला धाडली? अप्पा, म्हणजे माझे वडील, मंगळवेढ्यात पिठाची गिरणी चालवायचे. दळण घेता घेता ते गिऱ्हाइकाला सुनवायचे, “चकल्या न्हाईत हो, दवाखान्याचं सैपाकघर चालवायला शिकतीया.” वसतिगृह, दवाखाना, कारखान्याचं भोजनघर, अशा ठिकाणी शेकड्यानं माणसांना काय आणि किती शिजवायचं हे आम्हाला शिकवत, त्यामुळे अप्पांचं म्हणणं अगदीच फुशारकीचं नव्हतं.

कॉलेजच्या मागं एक बसकं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, पुढं तुळस. शेवटच्या वर्षाच्या आम्हा सहा जणींना माघ महिन्यात तिथं राहून संसार करायचा असे. नवरा नाही, सासू नाही, पोरंबाळं नाहीत. बाकी संसार सगळा. पाळीपाळीनं एक जण गृहिणी, एक स्वयंपाकाला, एक बाजाराला, एक झाडलोट करायला. कॉलेजच्या कागदावर त्याला सराव-गृह म्हणत. आम्ही त्याला खोटं घर म्हणायचो.

खोट्या घरात आमच्या शिक्षिकेचे, सोवनीबाईंचे नियम चालत. बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, पण संसार कसा करावा हे त्यांच्याइतकं ठामपणे सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांचा पहिला नियम असा, की घरात कुणी मागाहून जेवायचं नाही. जिनं रांधलं तीसुद्धा सगळ्यांबरोबर टेबलाशी बसणार. दुसरा नियम, जेवण संपेपर्यंत मधूनच कुणी उठायचं नाही. आणि पाळी संपताना प्रत्येकीनं एका पाहुण्याला जेवायला बोलवायचं. त्या जेवणाला टेबलाशी पाहुणा, बाई आणि गृहिणी एवढेच; गरम वाढण्यासाठी पहिल्या नियमाला तेवढी सूट. जेवण झालं की पाहुण्याच्या ताटात उरलेलं छोट्या तराजूत तोलायचं. जेवढं उष्टं तेवढे मार्क कमी.

“पाहुणा तोंडानं छानच म्हणणार,” बाई म्हणायच्या. “तुम्ही त्याच्या ताटाकडे बघा. ताट खोटं बोलत नाही.”

पहिला नियम ऐकला त्या दिवशीच मी ठरवलं होतं, की माझी पाहुणी आईच. आमच्याकडे कानडीचा शेजार, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा आधी अप्पांना वाढायची, मग आजीला, मग माझ्या दोघा भावांना, मग मला. सगळ्यांचं आवरलं की ती चुलीशी भिंतीकडे तोंड करून बसायची. “तू जेवलीस का?” असं विचारलं तर “जेवते की आता,” म्हणायची. ती काय खाते, किती खाते, कोमट खाते की गार, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला एकदा तरी खुर्चीवर बसवायचं, तव्यावरची भाकरी पहिल्यांदा तिच्या ताटात पडेल असं करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मार्कांचं मी नंतर बघणार होते.

आमंत्रण द्यायला मी रविवारी घरी गेले. अव्वा चुलीशी होती. वर न बघता म्हणाली, “आलीस व्हय, जगू? हात-पाय धू.”

“अव्वा, किती हडकलीस गं!”

“उपासानं आणि काय,” आजी पलीकडून अभिमानानं म्हणाली. “सोमवार, गुरुवार, शनवार, आता संकष्टी बी धरलीया. आमच्या घराण्यात एवढी देवभोळी बाई झाली न्हाई.”

उपास श्रावणी सोमवारांपासून सुरू झाले होते. श्रावण सरला, दसरा गेला, दिवाळी गेली, तरी ते सरले नाहीत. उलट वाढतच गेले. उपासाला अव्वा भगरीची पातळ पेज घ्यायची, नाहीतर ताक. अप्पा तिची फिरकी घ्यायचे, “तेहतीस कोटींची हजेरी एकटीच घेणार हायेस व्हय?” अव्वा पदराआड हसायची.

मी खोट्या घराची हकिकत सांगितली. सगळ्यांच्या आधी तू जेवणार, टेबलावर जेवणार, मधूनच उठायचं नाही, मी समोर बसणार. अव्वा परातीत पीठ मळत राहिली.

“मी कशाला गं तिथं? हितं घर कोण बघंल?”

“जाऊ द्या की तिला,” अप्पा उंबऱ्यातून म्हणाले. अंगावर पिठाचा थर तसाच होता. “मला बी गिरणीचा पट्टा आणायला सोलापूरला जायचंच हाय. सकाळी सोडतो, चारला घेऊन येतो. एक दिस तुमी भावंडं मिळून भाकऱ्या थापा, काय रं पोरांनो?”

भाऊ हसले. आजी कुरकुरली, पण फार नाही. अव्वानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि हळूच विचारलं, “जेवायलाच लागतं का? नुसतं येऊन बसलं तर न्हाई चालायचं?”

“जेवायला बोलवायचं आणि नुसतं बसवायचं? आणि ताटात टाकलंस तर माझे मार्क जातील, सांगून ठेवते.”

“मार्क जातात व्हय?” तिनं भाकरी उलटली. “मग परीक्षा कवा हाय तुझी?”

“एप्रिलात. त्याचं काय इथं?”

“काय न्हाई. येते मी.”

माझा आनंद गगनात मावेना. येताना एसटीत बसून मी सगळा बेत ठरवला. पुस्तकातला एकही पदार्थ नाही, सगळं अव्वाच्या आवडीचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी, कटाची आमटी, शेवटी पुरणपोळी. तो दिवस मी मुद्दाम मंगळवारचा घेतला. तो वार अजून देवांच्या तावडीतून सुटलेला होता.

मंगळवारी सकाळी अप्पा तिला फाटकापाशी सोडून गेले. अव्वानं लग्नातलं इरकली लुगडं नेसलं होतं. पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. निलोफरनं तिच्या पाया पडायला वाकून तिला पार लाजवलं. अव्वा खोटं घर बघत हिंडली. डबे, त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, उभ्यानं करायचा ओटा, नळाचं पाणी.

“उभ्यानं सैपाक?” ती म्हणाली. “पाठ धरत न्हाई?”

“बसून-उठून जेवढी धरते तेवढी नाही, अव्वा. आम्हाला तेच शिकवतात.”

“बरं शिकवत्यात की मग,” ती म्हणाली आणि ओट्यावरून हात फिरवला.

बारा वाजता आम्ही बसलो. टेबलाच्या एका टोकाला सोवनीबाई, एका बाजूला अव्वा, तिच्यासमोर मी. निलोफर भाकरी करत होती. तिला मी आठवडाभर घोटून शिकवलं होतं. पहिली भाकरी टम्म फुगली आणि तव्यावरून थेट अव्वाच्या ताटात आली. वाफ निघत होती. अव्वा त्या भाकरीकडे बघतच राहिली.

“काय फुगलीया बाई!” ती म्हणाली. “पोरी, तुझं सासर सुखी राहील.”

“आधी कुणीतरी ठरवा तर, मावशी,” आतून निलोफर ओरडली. सोवनीबाईंनी डोळे वटारले, पण त्यांनाही हसू आलं.

अव्वानं ताटाला हात लावून नमस्कार केला. आमच्यात अन्न म्हणजे प्रसाद. ताटात शीत टाकत नाहीत. शेवटी ताटात पाणी घालून, बोटानं फिरवून तेही पितात. लहानपणी आम्ही एक दाणा टाकला तरी आजी सबंध दिवस बोलत राहायची. त्यामुळे सोवनीबाईंच्या तराजूची मला धास्ती नव्हती. माझी अव्वा ताटात काही टाकणार नव्हती.

ती जेवू लागली. पायाखाली जमीन नसल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती, डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, डावा हात मांडीवर. भाकरीचे बारीक बारीक तुकडे करायची, आमटीत बुडवायची, पदराआड न्यायची आणि खूप वेळ चावायची. दर थोड्या वेळानं पाणी प्यायची. माझं सगळं लक्ष ताटाकडे. भाकरी चतकोर संपली, अर्धी संपली. वांगी गेली. चटणी गेली. आमटीची वाटी रिकामी झाली. मला वाटलं, ओरडून सगळ्यांना सांगावं, बघा, माझी अव्वा जेवते आहे.

सोवनीबाई गप्पा मारत होत्या. “मुलगी हुशार आहे तुमची. परीक्षा झाली की मी स्वतः तिच्यासाठी एका दवाखान्यात शब्द टाकणार आहे.”

“परीक्षेला बसू दे फकस्त,” अव्वा म्हणाली. “मधी काय यायला नको.”

“मध्ये काय येणार आहे?”

“घरात बाई आडवी पडली की पोरीचं कालेज सुटतं, बाई. माझ्या धाकट्या भणीची साळा तशीच सुटली. आई अंथरुणाला खिळली तवा.”

मावशीची शाळा तशी सुटली होती हे मला तेव्हाच कळलं. पण मी पुरणपोळीच्या नादात होते. अव्वाचं ताट लख्ख झालं होतं. तिनं त्यात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि प्यायली. बाईंनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. पैकीच्या पैकी.

आता शेवटचा आग्रह राहिला होता. पाहुण्याला गृहिणीनं गोडाचा एक घास आपल्या हातानं द्यायचा, हे बाईंच्या पुस्तकात नव्हतं, आमच्या घरचं होतं. मी पुरणपोळी तुपात भिजवली, घास केला आणि टेबलावरून हात पुढं केला. “अव्वा, माझ्या हातचा.”

“नको गं, पोट भरलं.”

“एकच. माझ्या हातचा घास परत पाठवतात व्हय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मला आज नीट कळतं; तेव्हा मला ती फक्त लाजते आहे असं वाटलं. तिनं तोंड उघडलं. मी घास भरवला.

ती चावत राहिली. मी हसत तिच्याकडे बघत होते. माझं हसू ओसरलं तरी ती चावतच होती. मग तिनं डोळे मिटले आणि गिळलं, आणि तिची मान ताठ झाली. गळ्याच्या शिरा वर आल्या. तिनं पेला उचलला, एक घोट घेतला; पाणी तसंच नाकातोंडातून परत आलं. डोळ्यांतून धारा लागल्या. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट रुतले होते, पण ती उठेना.

“अव्वा, ऊठ! मोरीत चल!”

ती मानेनं नाही म्हणाली. आणि मला तिथं, त्या क्षणी, समजलं की ती का उठत नाही. मधूनच उठायचं नाही हा नियम मीच तिला सांगितला होता. उठली तर माझे मार्क जातील म्हणून ती गुदमरत बसून राहिली होती.

मी तिला धरून उठवलं. ती उभी राहिली तसा तिच्या मांडीवरचा पदर सुटला आणि फरशीवर सगळं सांडलं. आमटीत भिजवलेले भाकरीचे बारीक तुकडे, वांग्याच्या फोडी, चटणी. सगळं जेवण तिथं होतं. बाहेर निघालेल्या निलोफरच्या हातात उलथनं तसंच राहिलं.

मोरीत अव्वाला घास उलटून पडला तेव्हा कुठं तिला श्वास आला. ती भिंतीला टेकून बसली. तिच्या पाठीचं एक एक हाड माझ्या तळव्याला लागत होतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

तिनं तोंडावर पाणी मारलं.

“अव्वा, कधीपासून उतरत नाही घास?”

“श्रावणापासून,” ती म्हणाली. “आधी भाकरी अडकायची. मग भात. आता पातळ तेवढं जातंय.”

“म्हणजे ते उपास...”

“देवाला काय, तो समजून घेतो.” तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं. “बाईला सांगू नको, जगू. मार्क जातील. आणि घरात तर अजाबात नको. एप्रिल किती लांब राहिलाय आता? परीक्षा होऊ दे तुझी. मग चल म्हणशील त्या दवाखान्यात येते. आता कळलं तर तुझी आजी तुला उद्याच घरी आणंल, चुलीशी बसवायला.”

मी मागं वळले तर दारात सोवनीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या निलोफरला म्हणाल्या, “तांदळाची पेज टाक. अगदी पातळ. गाळून घे.” मग त्यांनी स्वतः केरसुणी घेतली आणि फरशीवरचे तुकडे सुपलीत भरले. ते त्यांनी तराजूत घातले नाहीत.

पेज झाली तशी मी अव्वाला पुन्हा टेबलाशी बसवलं आणि चमच्यानं पाजली. एक चमचा जाई, मग आम्ही थांबायचो, मग पुढचा. घासाचा गळ्यातून उतरण्याचा प्रवास मला बाहेरून दिसत होता. अर्धी वाटी व्हायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. अव्वा मध्येच म्हणाली, “मीठ बेतात पडलंय,” आणि आतल्या आत मला रडू कोसळलं. तिला वाढून जेवू घालायचं एवढंच तर मला हवं होतं. ते असं झालं.

चार वाजता अप्पा आले. नवा पट्टा गुंडाळून खांद्यावर टाकलेला, खुशीत. “काय, जेवल्या का पाहुणीबाई?”

अव्वानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी अप्पांना बाजूला नेण्याचंही भान ठेवलं नाही. तिच्यासमोरच सांगितलं. श्रावणापासून तिच्या घशाखाली अन्न उतरत नाही, उपास खोटे होते, सगळं.

“खोटे कसे?” अप्पा गोंधळून म्हणाले. “सोमवार करतीया न्हवं ती...”

सोवनीबाईंनी सुपली पुढं केली. अप्पांनी त्यातला एक तुकडा उचलला, बोटांत चुरडून बघितला. पीठ त्यांच्याच गिरणीचं होतं. मी घरून आणलं होतं. “सगळ्या गावाला दळून देतो मी,” ते म्हणाले. अव्वाला धरून निघताना पट्टा खांद्यावरून घसरला आणि तुळशीपाशी पडला, तो घ्यायला त्यांना फाटकातून परत यावं लागलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेत गाठ आहे असं सांगितलं. श्रावणात आणलं असतं तर, असं अप्पांनी विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आता तो विचार करू नका.”

अव्वाला जी भीती होती ते सगळं तसंच झालं. मी घरी आले. परीक्षा बुडाली. चुलीशी मी बसले. अव्वा मधल्या घरात कांबळ्यावर पडून माझी लगबग बघायची आणि माझ्याशी बोलायची नाही. एकदा पेजेची वाटी घेऊन गेले तर तोंड फिरवून म्हणाली, “एवढे म्हयने उपाशी ऱ्हायले ते मातीत घातलंस तू.”

“मी बघत बसू होय तुला मरताना?”

“मरणार ती मरणारच हाय. तू तरी सुटली असतीस.”

वाटी तिच्या उशाशी ठेवून मी चुलीपाशी जाऊन बसले आणि पोटभर रडले. घटकाभरानं आतून हाक आली, “जगू, पेज गार होतीया.” मी गेले. त्या दिवसापासून ती पुन्हा माझ्याशी बोलू लागली.

त्या घरात मी सोवनीबाईंचा पहिला नियम लावला. कुणी आधी नाही, कुणी मागाहून नाही. अव्वाच्या कांबळ्याभोवती आम्ही सगळे ताटं घेऊन बसायचो आणि तिच्या घशाखाली पहिला चमचा उतरला की मगच आमचे हात ताटात जायचे. आजीनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. नंतर तीच पेज गाळून द्यायला लागली आणि गाळता गाळता सगळ्या देवांना नावं घेऊन शिव्या घालायची. अव्वाला हसू यायचं. हसलं की ठसका लागायचा, म्हणून आम्ही आजीला गप्प करायचो.

जेवताना अप्पा आपल्या ताटाकडे बघतच नसत. अव्वाच्या गळ्याकडे बघत.

ज्येष्ठात अव्वा गेली. जायच्या आधी तिनं अप्पांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. मातीचं सगळं उरकलं, आणि आजीनं माझ्या लग्नाचा विषय काढला, तसे अप्पा उठून उभे राहिले. “तिला सोलापूरला सोडून येतो,” म्हणाले. “सैपाकाचं काय ते आमी बघू.” त्या वर्षी माझ्या भावांनी करपलेल्या भाकऱ्या किती खाल्ल्या त्याला गणती नाही.

पुन्हा माघ आला. खोट्या घराचा सराव मला नव्यानं करावा लागला, कारण माझी पाळी मागल्या वर्षी अर्धवट राहिली होती. आता माझ्याबरोबर नव्या पोरी होत्या. सोवनीबाईंनी पेन उघडलं.

“पाहुणा कोण, म्हेत्रे?”

“माझे वडील.”

त्यांनी लिहून घेतलं. वर बघितलं नाही.

अप्पा धुवट धोतर नेसून आले. कितीही अंघोळ केली तरी त्यांच्या भुवयांत पीठ राहायचंच. ते गेल्या वर्षी अव्वा बसली होती त्याच खुर्चीत बसले. मी सांगितलं नव्हतं, तरी तिथंच बसले. एका टोकाला सोवनीबाई, समोर मी. तव्यावरची पहिली भाकरी त्यांच्या ताटात आली. त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“घ्या ना, अप्पा. गार होईल.”

ते हलले नाहीत. ज्या माणसानं जन्मभर पहिलं ताट घेतलं आणि त्यानंतर चुलीकडे कधी मान वळवली नाही, ते माझे वडील असे हात आवरून माझ्याकडे बघत होते.

“तू घास घे आधी,” ते म्हणाले.

“अप्पा, पाहुण्यानं आधी घ्यायचं असतं. मार्क जातील माझे.”

“जाऊ देत.”

मी सोवनीबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या ताटाकडे बघत होत्या आणि त्यांचा चष्मा त्यांच्या हातात होता.

मी भाकरी मोडली. चटणीला लावली, घास तोंडात घातला. अप्पांची नजर माझ्या गळ्यावर खिळली होती. मी चावतच राहिले. पण त्यांच्यासाठी तो घास खाली उतरायलाच हवा होता. मी गिळला.

“उतरला?” अप्पांनी विचारलं.

“उतरला, अप्पा.”

मग त्यांनी भाकरीला हात लावला.